कंसातलं वाक्य

प्रश्न: ताई, मी एका टीमची प्रमुख आहे. आमच्याकडून एका मोठ्या ग्राहकाला जुन्या दरांचं कोटेशन गेलं. नंतर दर वाढवून सांगावे लागले आणि त्याने काम दुसऱ्यांना दिलं. शीट एका ज्युनिअर मुलाने बनवली होती. (त्याने आदल्या दिवशी 'दर हेच ना?' असा मेसेज केला होता, मी घाईत अंगठा टाकला.) मीटिंगमध्ये त्याचं नावही न घेता मी म्हटलं, 'टीमलीड म्हणून जबाबदारी माझी.' वरिष्ठांनी कौतुक केलं. तो मात्र तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतो. पाठीशी घालूनही असं का?

उत्तर: तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय.

त्याला दर खटकले, त्याने विचारलं. त्याने त्याचं काम केलं. तुम्ही शीट न उघडता अंगठा टाकलात. आता मीटिंगमधलं तुमचं वाक्य जरा त्याच्या खुर्चीत बसून ऐका. शीट कोणी केली हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे तिथल्या प्रत्येकाने एकच अर्थ घेतला: चूक पोराची, बाई मोठ्या मनाच्या. शाबासकी तुम्हाला, ठपका त्याला, आणि वर त्याने उपकार मानायचे! मी त्याच्या जागी असते तर कामापुरतंही बोलले नसते.

पदाची जबाबदारी घ्यायला फारसं काही लागत नाही, उलट मान मिळतो. 'मी न बघता हो म्हटलं' हे म्हणताना जीभ अडखळते.

१९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाशी पोहोचताना गमावलं. एका सॉफ्टवेअरचे आकडे पौंडांच्या हिशेबात होते, पुढे ते न्यूटन या दुसऱ्याच एककातले समजून वापरले गेले. चौकशी समिती तेवढ्यावर थांबली नाही. आकडे जुळत नसल्याची शंका मार्ग आखणाऱ्यांना आधीच आली होती, पण ती ठरलेल्या पद्धतीने नोंदवून तडीस नेली गेली नाही, हेही तिने अहवालात मांडलं. तुमच्याकडे तर शंका लेखी आली होती! तरी मीटिंगमधून सगळे हेच ठरवून उठले असणार, की ज्युनिअरचं काम नीट तपासायला हवं.

त्याला बाजूला घेऊन हळूच सॉरी म्हणू नका. ज्यांच्यासमोर कौतुक झालं, त्या सगळ्यांना आजच मेल करा: 'दरांबद्दल त्याने मला आदल्या दिवशी विचारलं होतं. मी शीट न उघडता हो म्हटलं. चूक माझी आहे.' 'घाईत' हा शब्द गाळा, कामाचा ताणही नको. त्याला सीसीमध्ये ठेवा. कौतुक ओसरेल, ओसरू दे. तो लगेच पूर्वीसारखा बोलू लागेल, याचीही खात्री नाही.

आणि पाठवण्याआधी 'चालेल ना?' म्हणून मसुदा त्याला दाखवायला जाऊ नका. तो भिडेपोटी 'राहू द्या मॅडम' म्हणेल, आणि तुम्हाला तेवढं निमित्त पुरेल.