नात आजोळी येते तेव्हा

प्रश्न : आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. लेक आणि जावई बंगळुरूला नोकरी करतात. २१ महिन्यांची नात येत्या उत्तरायणाला प्रथमच आजोळी राहायला येते आहे. मागे आम्ही तिकडे गेलो होतो तेव्हा ती दहा महिन्यांची होती आणि मी जवळ घेतले की रडायची. ते मनाला फार लागले. या वेळी तिला आमच्याकडे करमावे, तिचे बोरन्हाणही करावे, अशी इच्छा आहे. काय तयारी करावी?
– एक आजी, बडोदे

उत्तर : ते रडणे तुमच्यावरचा राग नव्हता, हे आधी मनाशी पक्के धरा. साधारण आठव्या-नवव्या महिन्यापासून मुलाला ओळखीचा आणि अनोळखी चेहरा यांतला फरक नीट कळू लागतो आणि त्याच सुमारास आई नजरेआड होण्याची धास्तीही वाढते. त्या वयात नव्या माणसाच्या कडेवर मूल रडले, तर त्याची वाढ योग्य चालली आहे असेच समजावे. २१ व्या महिन्यात ही धास्ती बरीच ओसरलेली असते, पण संपलेली नसते. म्हणून ती दारात आल्याबरोबर तिला उचलून घेण्याचा मोह आवरा. लेकीशी गप्पा मारत जमिनीवर बसा, समोर दोन वाट्या आणि मूठभर चुरमुरे ठेवा आणि या वाटीतले त्या वाटीत घालत राहा. आई या बाईशी हसून बोलते आहे, हे ती लांबून पाहील, आईचा पदर धरून जवळ येईल आणि थोड्या वेळाने एक चुरमुरा उचलून तुमच्याच वाटीत टाकील. कडेवर येण्याचे तिचे ती ठरवील.

या वयाच्या मुलांना नवलाईपेक्षा ओळखीचे फार आवडते. तेव्हा नवी खेळणी आणू नका. स्वयंपाकघरातला सर्वांत खालचा एक कप्पा तिच्या नावाने मोकळा करा आणि त्यात झाकणाचे डबे, लाकडी चमचे, गाळणी, जुना पितळी तांब्या ठेवा. तुम्ही पोळ्या लाटत असताना ती तो कप्पा रोज उपसून पुन्हा भरेल आणि रोज तितक्याच आनंदाने. येण्यापूर्वी व्हिडिओ कॉलवर हाच तांब्या, हीच खिडकी तिला दाखवत जा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाच्या मुलांना मोबाइल-टीव्ही दाखवूच नये. आपल्याकडील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांपर्यंत हेच सांगते, मात्र नातलगांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलला ती मुभा देते. घरी आल्यावर जेवताना मोबाइल नको असे लेक म्हणाली, तर तिला मनापासून साथ द्या.

आता बोरन्हाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येते, त्यामुळे ती आल्या-आल्या घाई करू नका. घराला आणि माणसांना सरावू द्या. काळे झबले आणि हलव्याचे दागिने जरूर घाला, पण दागिना ओवलेला दोरा पक्का आहे ना, हे ओढून पाहा. माझा खरा आग्रह वेगळाच आहे : डोक्यावरून ओतायच्या पदार्थांतून बोरे, हरभरे, शेंगदाणे, रेवड्या, गोळ्या आणि उसाचे करवे संपूर्ण वगळा. चार वर्षांच्या आतील मुलांच्या घशात असे कठीण, गोल किंवा गुळगुळीत जिन्नस सहज अडकतात आणि बोरन्हाणात तर ते जमिनीवर सर्वत्र पसरलेले असतात, भोवतालची मोठी मुले ते वेचून हिच्या हातात कौतुकाने ठेवत असतात. नुसते चुरमुरे घ्या. औक्षणाच्या ताटात एक मोठे बोर ठेवले की रीत पुरी झाली. दुपारची झोप काढून ती उठली की समारंभ करा, आईच्या मांडीवर बसवा आणि आधी तिलाच दोन्ही मुठींनी तुमच्या डोक्यावर चुरमुरे टाकू द्या. मग तुम्ही टाकलेल्यांना ती घाबरणार नाही.

उत्तरायणाचे १४ आणि १५ जानेवारी हे दोन दिवस बडोद्यातील गच्च्यांवर काय गजबज असते, हे तुम्हाला सांगायला नको. सकाळी ऊन कोवळे असताना अर्धा तास तिला कडेवर घेऊन पतंग दाखवा, खाली मात्र सोडू नका, कारण गच्चीत पडलेला मांजा पायाला गुंडाळला तर कापतो. लाउडस्पीकर, पिपाण्या आणि ‘काप्यो छे’चा गलका तिला असह्य झाला, तर निमूटपणे खाली या. कमाटीबागेतही एखाद्या सकाळी न्या. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये उभारलेली ही बाग मोठ्यांना पूर्ण हिंडावीशी वाटते. तिला एका झाडाखाली खारी पाहायला मिळाल्या की पुरे.

झोप सांभाळा. या वयाला दुपारची धरून ११ ते १४ तास झोप लागते आणि भेटायला येणाऱ्यांच्या वर्दळीत नेमकी तीच बुडते, तेव्हा दुपारी कोणालाही बोलावू नका. साखर घातलेले पदार्थ दोन वर्षांपर्यंत टाळलेले बरे. उंधियूतला रताळ्याचा मऊ तुकडा तिला पुरेसा गोड लागेल.

एक गोष्ट आजच करा. तुमच्या आणि आजोबांच्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या उशाशी किंवा पर्समध्ये असतील, तर त्या कुलपात ठेवा. घरात झोपाळा असेल, तर त्याच्या कड्यांच्या जोडांत चिमुकली बोटे चेमटतात. तिला मांडीवर घेऊनच झोका द्या आणि उतरलात की पाट बांधून ठेवा.

प्रश्न : माझे माहेर रावपुऱ्यात, सासर वासण्यात आहे. दोन वर्षांची मुलगी आजीकडून परतताना दर वेळी खूप रडते. भेटी कमी कराव्यात का?
– एक आई, बडोदे

उत्तर : मुळीच नाही. जिथून निघताना रडू येते, तिथे तिचा जीव रमला आहे. तिची नजर चुकवून मात्र कधीही निघू नका. तसे केल्यास पुढच्या वेळी ती तुम्हाला क्षणभरही सोडणार नाही. आजीने दारापर्यंत यावे, पुन्हा कधी भेटायचे ते सांगावे आणि निरोप थोडक्यात आटोपावा. निघण्याची वेळ तिच्या झोपेच्या बरीच आधी ठेवा. पेंगुळलेल्या मुलाचे रडणे पुष्कळदा आजीसाठी नसते, झोपेसाठी असते.