जाळीशिवाय हर्नियाचं ऑपरेशन: कुणाकडे जायचं?

हर्नियाबद्दल आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच विचारणा आहे: जाळी नको, तर ऑपरेशन कुठे करून घ्यावं? पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतला भाग बाहेर फुगतो तो हर्निया, आणि ती जागा झाकायला आत शिवतात ती कृत्रिम धाग्यांची जाळी. मी स्वतः सर्जन आहे, जाळी लावतोही आणि न लावताही करतो. त्यामुळे दोन्हीकडचं जे खरं आहे ते सांगतो.

प्रश्न : वय ४८, सांगलीत शिक्षक आहे. डाव्या जांघेत हर्निया. तीन सर्जनना दाखवलं, तिघांनीही जाळी सांगितली. चौथे म्हणाले, 'जाळी न लावता करून देतो', खर्चही कमी. त्यांच्याकडे करावं की पुण्या-मुंबईला जावं?

गाव ठरवण्याआधी त्या चौथ्या डॉक्टरांना एक विचारा: जाळी न लावता म्हणजे कोणत्या पद्धतीने? कारण 'जाळी न लावता' हे कुठल्याही पद्धतीचं नाव नाही.

इटलीतल्या पादुआ शहरात एदोआर्दो बास्सिनी यांनी १८८४ मध्ये आजच्या हर्निया ऑपरेशनचा पाया घातला. जांघेतल्या नळीची मागची भिंत ते पूर्ण उघडत आणि थर नीट ओळखून पुन्हा बांधत. पुढे हे ऑपरेशन जगभर गेलं आणि हातोहात सोपं होत गेलं. भिंत उघडायची मेहनत गळाली. उरलं ते वरचा स्नायू खाली ओढायचा आणि खालच्या अस्थिबंधाला टाके मारून मोकळं व्हायचं. तोकडं कापड ओढून शिवलं की शिवण उसवते, तसंच इथे होतं. जाळीशिवायच्या ऑपरेशनची बदनामी झाली ती बरीचशी या घाईच्या रूपामुळे, आणि आजही 'जाळी न लावता करून देतो' म्हणणाऱ्यांपैकी काही जण नेमकं हेच करतात.

नाव घेऊन विचारण्यासारख्या पद्धती मुख्यतः दोन. पहिली शोल्डाइस, कॅनडातली. तिच्याबद्दल पुढच्या उत्तरात लिहितो. दुसरी आपल्या पुण्याची. डॉ. मोहन देसर्डा यांनी ती विकसित केली आणि २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत मांडली. जांघेची कातडी आणि चरबी बाजूला केली की पांढरा, चकचकीत, पट्ट्यासारखा थर दिसतो. बाहेरच्या तिरक्या स्नायूचा तो कंडरापट. त्यातूनच बोटभर रुंदीची एक पट्टी मोकळी करायची, मात्र तिची दोन्ही टोकं शरीराला जोडलेलीच ठेवायची, आणि ती कमकुवत भिंतीच्या जागी शिवायची. पट्टी जिवंत राहते, तिला रक्त मिळतं, स्नायू आवळला की तीही ताणली जाते. बाहेरची कुठलीच वस्तू लागत नाही. पोलंडमध्ये २०८ पुरुषांवर देसर्डा आणि जाळी यांची तुलना झाली. २०१२ मध्ये निकाल आला: तीन वर्षांनी दोन्ही गटांत प्रत्येकी दोघांना हर्निया उलटला, म्हणजे पुन्हा झाला होता. ही चांगली गोष्ट आहे. पण हर्निया दहा-पंधरा वर्षांनीही उलटतो, म्हणून तीन वर्षांच्या आकड्यावर मी तरी शंभर टक्के भरवसा ठेवत नाही. ती पट्टी पातळ किंवा फाटकी निघाली तर ही पद्धत करताही येत नाही.

तर त्या डॉक्टरांसमोर बसा आणि विचारा: ही पद्धत तुम्ही स्वतः किती जणांवर केली? गेल्या वर्षभरात किती? ही कुणाकडून शिकलात? तुमचे पाच वर्षांपूर्वीचे रुग्ण आज कसे आहेत हे तुम्हाला कसं कळतं? आणि आत ऊतक कमकुवत निघालं तर काय कराल? शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण संमतीपत्रात 'गरज पडल्यास जाळी' अशी ओळ असते आणि आपण ती न वाचता सही करतो. जाळीला तुमची पूर्ण ना आहे की नाइलाज झाल्यास चालेल, हे टेबलावर जाण्याआधी ठरवून लिहून घ्या.

ज्या सर्जनला या प्रश्नांचा राग येतो, तिथून उठा. जो म्हणतो 'मी वर्षाला दोन-तीनच करतो, पण अमुक गावी एक जण हेच करतात', त्याचं ऐका. गेल्या पंचवीस वर्षांत शिकलेल्या बहुतेक सर्जननी शिक्षणात जाळीच पाहिली आहे. जाळी हातातली कसर बरीच भरून काढते. टाक्यांच्या ऑपरेशनात ती सोय नाही, इथे सगळं हातावर आहे. म्हणून सांगलीतच असा हात असेल तर पुण्याला जायची गरज नाही, आणि नसेल तर तीन सर्जननी जाळी सांगितली यात त्यांचं काही चुकलेलं नाही. ज्याचा हात बसलाय तेच त्यांनी सांगितलं.

आणखी दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. दुर्बिणीतून करायचं असेल तर मोठ्या माणसात जाळी आलीच, त्यामुळे 'दुर्बिणीतून पण जाळीशिवाय' असा हट्ट धरू नका. आणि जाळी नसली म्हणजे दुखणार नाही, असं नाही. जांघेतून तीन बारीक नसा जातात. त्यांतली एखादी टाक्यात अडकली तर जाळीशिवायही वर्षानुवर्षं ठणका लागतो. अभ्यासांचा एकत्रित हिशेब (कॉक्रेन, २०१८) सांगतो की जाळीशिवायच्या ऑपरेशनांशी तुलना करता दर ४६ जाळ्यांमागे एका माणसाचा हर्निया उलटणं टळतं. हा फायदा खरा आहे, पण छोटा आहे. तो सोडायचा की नाही हे तुम्ही ठरवू शकता, आणि चांगला सर्जन तुम्हाला ते ठरवू देईल.

प्रश्न : मी मिसिसागा, कॅनडा येथे राहतो, वय ४१. उजव्या बाजूचा हर्निया. इथे शोल्डाइस हॉस्पिटल जवळच आहे. पण आईचा आग्रह आहे की पुण्याला येऊन करावं, म्हणजे घरचं माणूस जवळ असेल. काय करू?

आईंना माझा नमस्कार सांगा, आणि ऑपरेशन तिथेच करा.

टोरांटोजवळ थॉर्नहिलला असलेलं हे हॉस्पिटल डॉ. अर्ल शोल्डाइस यांनी १९४५ मध्ये सुरू केलं. ८९ खाटा, आणि काम एकच: पोटाच्या भिंतीचे हर्निया. तिथला एकेक सर्जन वर्षाला शेकड्यांनी हीच ऑपरेशनं करतो, आणि नवा सर्जन बराच काळ ज्येष्ठांच्या देखरेखीखाली काम केल्याशिवाय एकट्याने सुरी हातात घेत नाही. मागची भिंत पूर्ण उघडून, स्टीलच्या बारीक तारेने, चार ओळींत एकावर एक शिवतात. बहुतेकांना फक्त जागेवर भूल आणि गुंगीचं औषध देतात. रुग्ण जागा असल्याने मध्येच 'खोका' म्हणता येतं. खोकल्याबरोबर भिंत कुठे फुगते, शिवण धरते का, हे तिथल्या तिथे दिसतं. मीही जागेवर भूल देऊन करतो तेव्हा तो खोकला ऐकल्याशिवाय कातडी शिवत नाही.

ऑन्टारियोतल्या सव्वादोन लाखांहून अधिक रुग्णांची नोंद तपासणारा अभ्यास २०१६ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात आला. पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण शोल्डाइसमध्ये १.१५ टक्के, तर सर्वात कमी हर्निया करणाऱ्या साध्या रुग्णालयांमध्ये ५.२१ टक्के होतं. हे वाचताना एक मात्र लक्षात ठेवा. शोल्डाइस रुग्ण निवडून घेतं. वजन जास्त असेल तर आधी उतरवून या म्हणून परत पाठवतं. आकडा चांगला दिसण्यात त्याचाही वाटा आहे. पण ती अट रुग्णाच्याही हिताची आहे, तेव्हा तुमचं वजन वाढलं असेल तर आजपासून चालायला लागा.

तिथे दोन-तीन रात्री ठेवतात, पहिल्या दिवसापासूनच उठवून चालवतात आणि जेवायला सगळ्यांना एकत्र जेवणघरात बसवतात. तुम्ही ऑन्टारियोचे रहिवासी असाल तर शस्त्रक्रिया सरकारी आरोग्य विम्यात बसते, खोलीच्या प्रकाराप्रमाणे वरचा खर्च विचारून घ्या. आणि ऑपरेशननंतर दुखलं-खुपलं तर दाखवायला तेच डॉक्टर तासाभराच्या अंतरावर असतील. पुण्यात करून तीन आठवड्यांत परत विमानात बसलात तर ते मिळणार नाही. आईंनाच तिकडे बोलवा.

प्रश्न : माझी बायको, वय ५६, ठाणे. जांघेच्या खाली, मांडीच्या सुरुवातीला सुपारीएवढी गाठ आहे. हर्निया निघाला. जाळी नको म्हणून आम्ही सहा महिने चांगला सर्जन शोधतोय.

शोध थांबवा आणि या आठवड्यात सर्जनकडे जा. मांडीच्या सुरुवातीला असलेली गाठ फिमोरल हर्निया असू शकते. हा प्रकार बायकांमध्ये जास्त, आणि त्याची वाट इतकी अरुंद आणि टणक असते की आतडं त्यात अडकण्याचा धोका पुरुषांच्या नेहमीच्या जांघेतल्या हर्नियापेक्षा कितीतरी जास्त. यात थांबून पाहायचं नसतं. शोल्डाइस किंवा देसर्डा, दोन्ही जांघेतल्या नळीच्या हर्नियासाठी आहेत, ही वाट वेगळी. स्त्रियांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना दुर्बिणीतून जाळी सुचवतात, कारण जांघेतली आणि मांडीतली, अशा दोन्ही वाटा आतून एकदम झाकल्या जातात. मलाही इथे तेच पटतं. दरम्यान गाठ अचानक कडक झाली, दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, तर रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयात न्या. चोळून आत ढकलायचा प्रयत्न करू नका.

प्रश्न : सिझेरियनच्या जुन्या टाक्याच्या जागी पोट फुगतं. जाळीशिवाय करून मिळेल का? (लातूर)

करून देणारे भेटतील, पण मी सांगणार नाही. जुन्या टाक्याच्या जागचा हर्निया नुसता शिवला तर फार उलटतो. नेदरलँड्समधल्या रुग्णांवर दहा वर्षं लक्ष ठेवलं तेव्हा नुसते टाके घातलेल्यांपैकी ६३ टक्क्यांना, तर जाळी लावलेल्यांपैकी ३२ टक्क्यांना तो पुन्हा झाला. तंबाखू किंवा मिश्री असेल तर ती आधी सोडा आणि साखर आटोक्यात आणा.

प्रश्न : वय ७२. हर्निया लहान आहे, दुखत नाही, झोपलं की आत जातो. मुलगा ऑपरेशनच्या मागे लागलाय.

त्रास नसेल तर थांबणं हाही मान्य उपाय आहे. अमेरिकेत ७२० पुरुषांवर हा प्रयोग झाला, आणि थांबलेल्यांमध्ये हर्निया अचानक अडकण्याचं प्रमाण हजार माणसांमागे वर्षाला दोनाहूनही कमी निघालं. मात्र दहा वर्षांत त्यांच्यातल्या दोनतृतीयांश जणांनी शेवटी ऑपरेशन करून घेतलं, बहुतेकांनी दुखू लागलं म्हणून. तेव्हा घाई नाही, पण सर्जन आजच पाहून ठेवा. प्रकृती धडधाकट असताना निवड करता येते. गाठ अडकून रात्री दोन वाजता जावं लागलं तर ड्युटीवर असतील ते डॉक्टर आणि त्यांना येत असेल ती पद्धत.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचं. बेंबी फुगते. सासूबाई म्हणतात, नाणं ठेवून पट्टा बांध. जाळी लागेल का?

नाणं बांधू नका. त्याने भोक बुजत नाही, खाली ओल राहून कातडी मात्र खराब होते. बाळांची बेंबी बहुधा चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बुजते, आणि नाहीच बुजली तरी लहान मुलांना जाळी लावत नाहीत. पण जांघेत फुगवटा दिसला तर थांबू नका. तो आपोआप जात नाही आणि तान्ह्या बाळात अडकण्याचा धोका मोठा. त्यासाठी गावातला ओळखीचा सर्जन कितीही चांगला असला तरी जिथे लहान मुलांचे सर्जन आणि लहान मुलांना भूल देण्याची सवय असलेले भूलतज्ज्ञ आहेत तिथेच जा. बाळ दिवसांआधी जन्मलेलं असेल तर रात्रभर लक्ष ठेवण्याची सोय आहे का, तेही विचारा.

जाता जाता ऑपरेशन झालेल्या सगळ्यांसाठी एक काम. माझ्याकडे हर्निया उलटून आलेल्या एका गृहस्थांच्या डिस्चार्ज कार्डावर फक्त 'हर्निया ऑपरेशन केले' एवढंच लिहिलं होतं. जाळी होती की नव्हती, कुणालाच सांगता येईना. ती मला टेबलावर, आत गेल्यावर सापडली. कार्डावर पद्धतीचं नाव, जाळी असल्यास तिचं स्टिकर आणि कोणता धागा वापरला हे लिहून घेतल्याशिवाय घरी जाऊ नका, आणि त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.