बोक्याला हरणाची रायफल? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

नागपूरच्या महालातून एक जण विचारतो: माझा मामेभाऊ ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या फार्मवर आहे, तिथली रानटी मांजरं तो ३०-०६ रायफलनं, म्हणजे हरणाच्या मोठ्या रायफलनं मारतो म्हणे. एवढी मोठी कशाला?

कशाला म्हणजे, घरात तीच असंल भाऊ! तिकडे मांजर हा मोठाच प्रॉब्लेम आहे, तिथले छोटे प्राणी-पक्षी ती फस्त करतात, २०१५ मध्ये सरकारनं २०२० पर्यंत २० लाख मांजरं मारायचं टार्गेट ठेवलं होतं. पण चार किलोच्या जिवाला पॉइंट २२ किंवा फार तर २२३, असली बारीक गोळीची रायफल पुरते. पॉइंट २२ ची ताकद दीडशे-पावणेदोनशे ज्यूल, ३०-०६ ची साडेतीन हजारांच्या वर, म्हणजे मांजरात जेमतेम थोडी खर्ची पडते न् बाकीची घेऊन गोळी पुढे जाते, आणि पुढे काय आहे ते कोणी पाहिलं? मागे मातीचा टेकाड नसंल तर मी तरी ट्रिगरला बोट लावणार नाही.

पण मोठी गोळी लागली की मांजर तडफडत नाही, मग ते बरंच ना?

लागली तर. आता बघा, स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, नळीच्या चार-एक सेंटीमीटर वर बसलेला असतो आणि हरणाची रायफल दोनशे मीटरवर झीरो केलेली असते, म्हणजे तिथं नेम आणि गोळी एका जागी येतील अशी जुळवलेली, म्हणून गोठ्यात पंधरा मीटरवर तुम्ही स्कोपमधला क्रॉस छातीवर धरला तरी गोळी दीड-दोन सेंटीमीटर खालीच जाते. हरणाला फरक पडत नाही, मांजराचा मात्र पाय तुटू शकतो आणि ते तसंच पळून जातं. वरून त्या दणक्याला घाबरून नेमबाज आधीच डोळे मिटतो, रेंजवर हे रोज बघतो मी.

काटोलहून: संत्र्याच्या बागेत घुशींनी बांध पोखरलाय, पीकसंरक्षणाच्या लायसन्सवर ३१५ बोअरची रायफल आहे, चालवू का?

नका चालवू. उन्हाळ्यात काळी माती तडकून दगडासारखी होते, तिच्यावरून गोळी उसळून कुठं जाईल सांगता येत नाही, आणि शेजारच्या बागेत मजूर असतात. पॉइंट २२ पण उसळते हं, उलट जास्तच, आणि उसळली नाही तरी दीड किलोमीटर सहज जाते. बेजबाबदार फायरिंगला दोन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा लाखापर्यंत दंड आहे. संध्याकाळी सगळी बिळं मातीनं बुजवा, सकाळी जी उकरलेली दिसतील तीच चालू. तिथे दोन-तीन दिवस नुसता भरडा ठेवा, सवय लागली की मगच झिंक फॉस्फाईडचं आमिष, बिळाच्या आत. कुत्री-कोंबड्या लांब ठेवा आणि मेलेल्या घुशी पुरून टाका.

गच्चीवरचा बोका रात्रभर रडतो. एअरगनला लायसन्स लागत नाही ना?

बोअर, म्हणजे नळीचं भोक, ४.५ मिलीमीटरपर्यंत आणि ताकद २० ज्यूलच्या आतली असंल तर नाही लागत. पण बोक्यावर झाडली की प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहेच, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद. शिवाय शहराच्या कडेला दिसतं ते लांब पायाचं, आखूड शेपटीचं बऱ्याचदा रानमांजर असतं, त्याला वन्यजीव कायदा लागतो. बोक्याला पिंजऱ्यात धरून नसबंदी करून आणा, बराचसा गप्प होईल. आणि गच्चीवरचं उष्टं आधी उचला ना राव!