लालबागची खोली, नेरूळचं कॉलेज आणि पुण्याचे वीस लाख

प्रश्न : ताई, नमस्कार. मी लालबागला राहते. बारावी झाली, सीईटीला ९३ पर्सेंटाइल आले. कॅपच्या (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीत नेरूळच्या एका खासगी इंजिनीअरिंग कॉलेजात ईएक्सटीसीची (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमची) जागा लागली आहे. आम्ही ओबीसी, नॉन-क्रिमीलेअरचा दाखला आहे, बाबा बेस्टमध्ये कंडक्टर. त्यामुळे राज्य सरकारच्या मुलींसाठीच्या योजनेत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ होईल. दुसरीकडे पुण्याच्या एका अभिमत (डीम्ड) विद्यापीठात कॉम्प्युटर मिळतंय. फी साडेतीन लाख, हॉस्टेल-मेस दीड लाख, म्हणजे वर्षाला पाच लाख. बाबांनी जागा धरायला तिथे पंचवीस हजार भरलेसुद्धा. ते म्हणतात कर्ज काढू, गावची जमीन आहे. आई म्हणते, फुकटचं सोडून कुठे जातेस? खरं सांगू का, दहा बाय अठराच्या खोलीत आम्ही सहा जणं आहोत. इथे अभ्यास होत नाही. काय करू?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : पुण्याची ती जागा सोड. पुणं सोडायलाच हवं असं नाही, त्याकडे येते. माझी नोकरी बँकेतली, शेवटची काही वर्षं शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर गेली, म्हणून आधी हिशेब.

वर्षाला पाच म्हणजे चार वर्षांचे वीस लाख. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर साधारण वर्षभर बँक हप्ता मागत नाही, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. दहा टक्क्यांनी सरळ व्याज धरलं तरी हप्ते सुरू होतील तेव्हा विसाचे सत्तावीस झालेले असतील. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ३५,७०० रुपये, पंधरा वर्षांत म्हटलं तर २९,०००. तुझा पहिला पगार किती असेल ते मी सांगणार नाही. ॲडमिशनच्या काउंटरवर कोणी सांगितला असेल तर त्याच्याकडून लिहून घे, बघू देतो का. आणि कर्जावर तुझ्या सहीशेजारी बाबांचीही सही असते. तुझे हप्ते सुरू होतील तेव्हा ते निवृत्तीच्या किती जवळ असतील, हे घरात एकदा स्पष्ट बोला.

गावच्या जमिनीचं. कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका सहसा तारण मागतात आणि शेतजमीन बघून साहेबांचा चेहरा पडतो. थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला कोर्टात न जाता विकू देणाऱ्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, कर्ज थकलं तर त्या कायद्याखाली तिला हात लावता येत नाही. तुमची खोली पागडीची असेल तर तिचाही उपयोग नाही, मालक तुम्ही नाहीच. राहतो मार्ग जमीन विकण्याचा. (तिथे काका-आत्यांच्या सह्या लागतात. त्यावर मला येणारी पत्रं वेगळ्याच फायलीत आहेत.) केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारणही नको आणि जामीनही नको, पण एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या सरकारी क्रमवारीवरून ठरलेल्या संस्थांनाच ती लागू आहे. तुझं विद्यापीठ यादीत असलं तरी टळेल ते तारण, वीस लाख नव्हे.

आता आईचं ‘फुकट’. माफी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क आणि इतर नावांखाली कॉलेज काय घेतं, त्याचा कागद ऑफिसातून मागून घे. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर दर वर्षी अर्ज करावा लागतो आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. बाबांना एखाद्या वर्षी थकबाकी एकदम मिळाली तर आकडा कुठे जातो, तेही बघून ठेवा.

तुम्हा तिघांच्याही लक्षात न आलेली गोष्ट ही : २०२४-२५ पासूनची ही सवलत काही मुंबईची नाही. अभिमत विद्यापीठाला ती लागू नाही, म्हणून तुला पुणं महाग दिसतंय. कॅपमधून भरणारी कॉलेजं पुण्यात ढिगाने आहेत आणि तिथे तुला हीच माफी मिळते. मग खर्च उरतो हॉस्टेल-मेसचा, तुझ्याच आकड्याने चार वर्षांचे सहा लाख. हे कर्ज साडेसातच्या आत बसतं, जमिनीचा विषयच निघत नाही. नेरूळची जागा बेटरमेंटवर (म्हणजे ती हातात राखून पुढच्या फेरीत आणखी चांगलीची वाट बघत) ठेवता येत असेल तर पुढच्या फेरीत पुण्याची अशी कॉलेजं पसंतीक्रमात भर. मात्र नवी जागा लागली की नेरूळ हातातून जातं. म्हणून नेरूळपेक्षा खरोखर हवं असेल तेवढंच लिही, मैत्रिणीने भरलं म्हणून नको.

लागलं तर पुण्याला जा. सहा माणसांच्या खोलीतून बाहेर पडावंसं वाटणं यात चोरी कसली? पत्राच्या शेवटच्या ओळीत दडवून लिहिण्यासारखं ते नाही. आईला तोंडावर सांग.

नाही लागलं तर नेरूळ, आणि कुरकुर न करता. ईएक्सटीसीच्या मुलांना सॉफ्टवेअर कंपन्या घेतात. कॉम्प्युटरमध्ये मायनर (जोडविषयाच्या) पदवीची सोय आहे का आणि दुसऱ्या वर्षी शाखा बदलता येते का, हे प्रवेशाच्या वेळीच विचार. बदलली तर फीमाफी टिकते का, हेही त्याच खिडकीवर. कॉटन ग्रीनहून हार्बरने सरळ जाशील. सकाळी पनवेलकडे जाणाऱ्या गाडीत सीएसएमटीकडच्यासारखी चेंगराचेंगरी नसते. अभ्यासाला कॉलेजची लायब्ररी, घराजवळ मंडळाची अभ्यासिका. बाबा वीस लाखांची तयारी दाखवत होते ना? त्यातले थोडे परीक्षेच्या दोन-दोन महिन्यांपुरत्या नेरूळच्या पीजीतल्या एका कॉटला द्यायला सांग. नाही म्हणणार नाहीत.

राहिले ते पंचवीस हजार. एआयसीटीई या तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय परिषदेचा नियम आहे की वर्ग सुरू व्हायच्या आधी प्रवेश रद्द केला तर जास्तीत जास्त हजार रुपये कापून बाकीचे परत द्यायचे, आणि मूळ कागदपत्रंही अडवून ठेवायची नाहीत. तोंडी सांगू नका. बाबांच्या सहीचा अर्ज ई-मेलने पाठवा, सोबत पावतीची प्रत जोडा आणि तारीख दिसेल असा त्याचा प्रिंट काढून ठेवा. हे याच आठवड्यात करा.