गुडघा बदलला, मग दुखतंय काय?

प्रश्न : सांधेरोपणाला सात महिने झाले. एक्स-रे ‘एकदम छान’ आहे असं सर्जन सांगतात, पण दुखणं हटत नाही. अजून किती वाट पाहायची? आणि तपास करायचा तर सुरुवात कुठून?

उत्तर : पहिल्या तीन महिन्यांतलं दुखणं बहुतेक वेळा शस्त्रक्रियेचंच असतं. गुडघा हाताला गरम लागणं, संध्याकाळी सुजणं हे सहा महिने, कधी वर्षभरही चालतं. दर महिन्याला थोडा तरी उतार पडत असेल, तर घाबरायचं कारण नाही. तुमच्या बाबतीत उतार थांबलाय असं दिसतं, त्यामुळे आणखी थांबण्यात अर्थ नाही. तीन महिन्यांनंतरही टिकणारं दुखणं दुर्मीळही नाही. शंभरातल्या दहा ते वीस जणांना ते होतं.

‘एक्स-रे छान’ म्हणजे धातू जागेवर आहे आणि सिमेंट व हाड यांच्यात फट दिसत नाही, एवढंच. सुरुवातीचा जंतुसंसर्ग एक्स-रेत दिसत नाही, लिगामेंटचा (सांधा बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांचा) सैलपणा सहसा कळत नाही आणि नस तर कधीच दिसत नाही. एक्स-रे झोपवून काढला होता की उभं करून, हेही विचारा. उभ्याने पायावर वजन देऊन समोरून एक, बाजूने एक, गुडघा वाकवून वाटीचा एक आणि खुब्यापासून घोट्यापर्यंतचा एक लांब, असे चार हवेत. ते शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या एक्स-रेशेजारी ठेवून पाहायचे. एकट्या फोटोपेक्षा दोन फोटोंतला फरक जास्त बोलतो.

त्याआधी दोन आठवडे एक वही ठेवा. दुखतं तिथे एकच बोट ठेवता येतं, की अख्खा तळवा फिरवावा लागतो? एका बोटाची जागा असेल तर कारण सापडण्याची शक्यता वाढते. मग दुखतं कधी, ते लिहा. बसून उठल्यावर पहिली पाच-दहा पावलं कळ येते आणि मग बरं वाटतं, तेही काही काळ गुडघा चांगला चालल्यावर सुरू झालं असेल, तर रोपण सैल झालंय का ते पाहावं लागतं. रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल, तर आधी संसर्ग नाही याची खात्री करायची. जिन्यावर आणि खुर्चीतून उठताना दुखत असेल, तर वाटी किंवा सैलपणा.

सगळ्यात मोलाचा प्रश्न मात्र बरेचदा कुणी विचारतच नाही : हे दुखणं जुनं की नवं? शस्त्रक्रियेआधी होतं तेच, त्याच जागी, तसंच असेल, तर मूळ गुडघ्यात नसेलही. खुब्याच्या आणि गुडघ्याच्या संवेदना काही अंशी त्याच नसांतून जातात, त्यामुळे झिजलेला खुबा खुशाल गुडघ्यात दुखतो. खुर्चीत बसा, मांडी स्थिर ठेवा आणि दुसऱ्या कुणाला पाऊल हलकेच बाहेरच्या बाजूला न्यायला सांगा. या हालचालीत खुबा आत वळतो. जांघेत किंवा गुडघ्यात ओळखीची कळ आली, तर खुब्याचा एक्स-रे काढून घ्या. (खुबाही बदललेला असेल, तर ही चाचणी घरी करू नका.) कंबरेतल्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याजवळची नस दबली, तरी मांडीच्या पुढच्या बाजूने गुडघ्यापर्यंत दुखतं. अशा वेळी उभं राहिल्यावर वाढतं आणि बसून पुढे वाकल्यावर उतरतं. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी भरून येत असेल आणि नुसतं उभं राहिल्यावर थांबत असेल, तर पावलातली नाडी तपासून घ्या. तो रक्तवाहिन्यांचा प्रश्न असू शकतो.

प्रश्न : शस्त्रक्रियेला दीड वर्ष झालं. गुडघा पुन्हा गरम झालाय, सुजलाय. सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी) १.८ आला. दहापर्यंत ठीक असतो ना? डॉक्टर पाच दिवस अँटिबायोटिक घेऊन बघा म्हणतात.

उत्तर : आकड्यापुढचं एकक वाचा. काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये, आणि दोहोंत दहापटीचा फरक आहे. रिपोर्टवर ‘प्रति डेसिलिटर’ असेल, तर तुमचा १.८ म्हणजे प्रति लिटर १८. जुन्या रोपणासाठी दहाची जी मर्यादा सांगतात, ती प्रति लिटरची. म्हणजे तुमचा सीआरपी वाढलेला निघेल. सोबत ईएसआर (रक्तपेशी किती वेगाने खाली बसतात, यावरून दाह पाहणारी चाचणी) करा. तो तासाला ३० मिलिमीटरच्या वर असेल तर संशय बळावतो. संधिवात, लघवीतला संसर्ग, साधा खोकला-ताप यांनीही दोन्ही आकडे वाढतात, हे लक्षात असू द्या. आणि ते व्यवस्थित आले म्हणून संसर्ग नाहीच, असंही नाही.

अँटिबायोटिक आत्ता घेऊ नका. आधी सांध्यातलं पाणी सुईने काढून तपासायचं. गोळ्या आधी सुरू झाल्या तर जंतू मरत नाहीत, फक्त कल्चरमध्ये (लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासात) उगवत नाहीत. धातूवर ते चिकट थर करून बसतात आणि त्या थरात औषध नीट पोचत नाही. पाच दिवस बरं वाटतं, मग पुन्हा ठणका, आणि आता जंतू कोणता हे कळायची वाटही बंद. गोळ्या घेऊन झाल्याच असतील, तर शक्य असल्यास दोन आठवड्यांचं अंतर ठेवून पाणी काढतात.

ते पाणी कसं पाठवतात, यावरही बरंच ठरतं. पेशी मोजायला ईडीटीए (गोठू न देणारं रसायन) असलेली नळी हवी. गोठलं तर मोजणी चुकते. कल्चरसाठी थोडं पाणी तिथल्या तिथे ब्लड कल्चरच्या बाटल्यांत घातलेलं चांगलं. कल्चर १४ दिवस ठेवा असं लॅबला लिहून द्यायला सांगा, कारण सांध्यात मुरून बसणारे काही जंतू पाच दिवसांत उगवतच नाहीत. एका मायक्रोलिटरमध्ये ३,००० च्या वर पांढऱ्या पेशी आणि त्यांत ८० टक्क्यांहून जास्त न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) असतील, तर संसर्गाकडे ठाम बोट जातं. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत मात्र यातला कुठलाच आकडा लावायचा नाही. तेव्हा हे सगळं मुळातच वाढलेलं असतं.

थंडी वाजून ताप येणं, टाक्यांच्या जागेतून पाणी किंवा पू येणं, पायावर भारच न टाकता येणं, यांपैकी काही झालं तर हे वेळापत्रक विसरा आणि त्याच दिवशी शस्त्रक्रिया केलेल्या सर्जनना गाठा.

प्रश्न : आईला सपाटीवर काही त्रास नाही. जिना उतरताना मात्र ‘गुडघा निसटतो’ म्हणते. फिजिओ म्हणतात व्यायाम कमी पडतोय.

उत्तर : दोन्ही खरं असू शकतं. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद निम्म्याहून जास्त उतरते, आणि नुसतं चालून ती परत येत नाही. वाटीच्या वर १० सेंटिमीटरवर दोन्ही मांड्यांचा घेर टेपने मोजा. मग दोन सारखे वजनकाटे शेजारी ठेवून आईंना प्रत्येकावर एकेक पाय ठेवून उभं करा, आधाराला टेबल असू द्या. वजन बऱ्या पायावर बरंच जास्त पडत असेल, तर वर्षभर व्यायाम करूनही दुखरा पाय आळशीच राहतो, कारण काम दुसराच करतो.

अशा वेळी उंच खुर्चीतून, हात न टेकता, दोन्ही पायांवर समान भार टाकत उठायचं. ८ ते १० वेळा, असे तीन फेरे, एक दिवस आड. बारा वेळा सहज जमलं की खुर्ची २-३ सेंटिमीटरने खाली आणायची. त्यानंतर १० सेंटिमीटरच्या पायरीवरून कठडा धरून सावकाश खाली उतरायचं, मग १५ ची पायरी. व्यायाम करताना दहापैकी चारपर्यंत दुखलं आणि सकाळपर्यंत शमलं, तर मात्रा योग्य. सकाळीही सूज दिसली, तर मात्रा जास्त झाली.

तीन महिने हे नेटाने करूनही निसटणं तसंच राहिलं आणि सूज वरचेवर येत असेल, तर वाकलेल्या गुडघ्यातला सैलपणा तपासायला सांगा. सरळ पायात असा गुडघा घट्टच लागतो, त्यामुळे फक्त झोपवून तपासला तर पकडला जात नाही. टेबलाच्या कडेवर बसवून, पाय लोंबता सोडून, नडगी पुढे-मागे ओढून पाहावी लागते. वाटीभोवती दुखत असेल, तर रोपणाचे भाग आतल्या बाजूला फिरलेले नाहीत ना, हे सीटी स्कॅनवर मोजता येतं.

प्रश्न : व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिर आहे आणि आतल्या बाजूला चादर लागली तरी आग होते.

उत्तर : बधिरपणा अपेक्षितच. मधोमध चीर देताना वाटीखालून जाणाऱ्या त्वचेच्या नसेचे धागे तुटतात. बधिर भाग वर्ष-दोन वर्षांत आक्रसतो, पूर्ण जातोच असं नाही. आग होणं मात्र वेगळं. बोटाने टिचक्या मारत जा. एका बिंदूवर विजेसारखी चमक आली, तर तुटलेल्या टोकाला गाठ आली असण्याची शक्यता आहे. त्या बिंदूवर भूल देणारं औषध थोडंसं टोचलं आणि काही तास आग थांबली, तर निदान जवळपास झालंच.

यावर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. प्रीगॅबलिन, ड्युलॉक्सेटिन यांसारखी नसांची औषधं डॉक्टर देतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर प्रीगॅबलिन कमी मात्रेत घ्यावं लागतं, आणि यांपैकी कुठलंच औषध एकदम बंद करायचं नसतं. घरी करण्यासारखं म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटं त्वचेवर आधी रेशमी कापड, आठवड्याने सुती, मग टॉवेल फिरवायचा. अख्ख्या पायाचा रंग बदलत असेल, तो गार-गरम होत असेल, घाम वेगळा येत असेल, तर ते निराळं दुखणं आहे. त्यात लवकर उपचार लागतात, तेव्हा पेन क्लिनिकला जायला वेळ लावू नका.

प्रश्न : दहा आठवडे झाले, गुडघा ७५ अंशांवर अडतो. थांबू का?

उत्तर : नको. सपाटीवर चालायला ६५-७० अंश पुरतात, जिना उतरायला आणि खुर्चीतून उठायला नव्वदच्या आसपास लागतात. भूल देऊन गुडघा वाकवून देण्याचा उपाय साधारण बारा आठवड्यांच्या आत केला तर जास्त साधतो, म्हणजे तुमच्या हातात दोनच आठवडे आहेत. याच आठवड्यात दाखवा. आणि झोपताना गुडघ्याखाली उशी घेत असाल तर काढा. तिने गुडघा सरळ होणंही हरवतं.

प्रश्न : धातूची अ‍ॅलर्जी असेल का?

उत्तर : असू शकते, पण यादीत सगळ्यात शेवटी. त्वचेवरची चाचणी निकेलला पॉझिटिव्ह आली, तरी सांधा त्यानेच दुखतोय हे सिद्ध होत नाही.

प्रश्न : ‘पुन्हा उघडून बघू’ असं एका सर्जनांनी सुचवलंय. करावं का?

उत्तर : ‘काय सापडेल असं वाटतं?’ एवढंच विचारा. सैल झालेलं रोपण, संसर्ग, फिरलेला भाग, सैलपणा असं नेमकं उत्तर आणि त्यामागचा पुरावा असेल, तर दुसरी शस्त्रक्रिया उपयोगी पडते. कारण न सापडता केलेली दुसरी शस्त्रक्रिया क्वचितच दुखणं घालवते, उलट हाड आणखी कमी होतं. पुरावा म्हणून फक्त ‘बोन स्कॅनमध्ये (किरणोत्सारी औषध टोचून काढलेल्या हाडांच्या फोटोत) चमकतंय’ असं सांगितलं, तर तारीख पाहा : शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष, कधी दोनही, चांगला गुडघासुद्धा चमकतो.

दुसरं मत घ्यायला जाताना शस्त्रक्रियेची नोंद, तिच्या आधीचे एक्स-रे आणि रोपणाच्या खोक्यावरची स्टिकर बरोबर न्या. आधीच्या एक्स-रेत सांध्यातली फट बरीच शिल्लक दिसत असेल, म्हणजे झीज थोडीच होती, तर तेव्हाही दुखणं दुसरीकडूनच येत होतं का, हा प्रश्न निघतो. स्टिकरवर कंपनी, मॉडेल, माप आणि बॅच असते. ती सहसा रुग्णालयाच्या फाइलमध्ये चिकटवलेली असतात, मागितल्यावर प्रत मिळते. ती नसतील तर कोणता भाग कशाने बदलता येईल, हे नव्या सर्जनांना एक्स-रेवरून ताडत बसावं लागतं.