अंड्याच्या टरफलाचं हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट आणि पीसीएलची चकती: पीबीएसचा पीएच का चढतो?

प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजात एम.एस्सी.चा प्रकल्प चालू आहे. अंड्याच्या टरफलांपासून हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट (हाडांत असतं तसं कॅल्शियम फॉस्फेट) करून ते पॉलिकॅप्रोलॅक्टोनमध्ये, म्हणजे पीसीएल या हळूहळू विघटन होणाऱ्या प्लास्टिकमध्ये, 30 टक्के घातलं आणि पेशी वाढवण्यासाठी चकती ओतली. चकती खालून पांढरी आणि ठिसूळ झाली, वरून नुसतं प्लास्टिक. पीबीएसमध्ये, म्हणजे फॉस्फेट घातलेल्या खारट द्रावणात, ठेवल्यावर दोन दिवसांत पीएच 7.4 वरून 9 च्या पुढे गेला. पॉलिमर बदलू का?

पॉलिमर बदलू नका. पीसीएलचं पाण्यात विघटन व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, दोन दिवसांत ते पीएच हलवूच शकत नाही, आणि हलवलाच तर खाली नेईल. शुद्ध हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटही इतका चढवत नाही. तुमच्या पावडरीत मोकळा चुना उरलाय. अशा चकतीवर पेशी ठेवल्या तर त्या मरतील आणि दोष उगाच पॉलिमरवर जाईल.

आधी खात्री करा. 1 ग्रॅम पावडर उकळून गार केलेल्या 10 मिली डिस्टिल्ड पाण्यात ढवळा आणि फिनॉल्फथॅलिनचे दोन थेंब टाका. गडद गुलाबी रंग आला की चुना आहे. विरळ हायड्रोक्लोरिक आम्ल टाकल्यावर बुडबुडे आले, तर कार्बोनेटही शिल्लक आहे.

चुना उरतो तो बहुतेक वेळा पावडर बनवताना फॉस्फोरिक आम्ल घाईने ओतल्यामुळे. चुन्याच्या गाठीवर बाहेरून फॉस्फेटचं कवच बसतं आणि आतला भाग तसाच राहतो. म्हणून टरफलं उकळून आतला पापुद्रा पूर्ण काढा, वाळवा, 900 अंशांवर तीन तास भाजा. 10 ग्रॅम टरफलांतून साडेपाच ग्रॅमच्या आसपास उरलं पाहिजे. सात उरले तर भाजणं अर्धवट झालंय. आपल्याकडे व्होल्टेज पडतं तेव्हा भट्टी ठरलेल्या तापमानाला पोचतच नाही, त्यामुळे वजनावर विश्वास ठेवा, घड्याळावर नको. भाजलेला चुना त्याच दिवशी वापरा. हवेतलं पाणी ओढून 56 ग्रॅमचे 74 ग्रॅम होतात, आणि मग तराजू सांगतो तेवढं कॅल्शियम त्यात नसतं.

आता 5.6 ग्रॅम ताजा चुना 200 मिली डिस्टिल्ड पाण्यात थोडा थोडा टाकून विरवा (भांडं तापतं, चष्मा घाला) आणि बारीक चाळणीतून गाळा. गाठी राहिल्या तर घोटून परत त्यातच मिसळा. 85 टक्क्यांचं फॉस्फोरिक आम्ल 4.1 मिली घेऊन पाण्याने 200 मिली करा. ते ब्युरेटमधून मिनिटाला एक-दोन मिली या वेगाने सोडा, ढवळणं थांबवू नका. पीएच 9 च्या खाली जाऊ लागला तर अमोनिया घाला, नाहीतर ब्रशाइट, म्हणजे नको असलेलं दुसरंच कॅल्शियम फॉस्फेट, तयार होतं. रात्रभर ठेवा, गाळा, धुवा, 90 अंशांवर वाळवा. हिशेबाने 10 ग्रॅम मिळायला हवं, कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण 1.67.

धुण्याच्या पाण्याबद्दल विशेष सांगतो. यवतमाळ आणि चंद्रपूरकडच्या बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड असतं. ते हायड्रॉक्सिलची जागा घेतं आणि तुमच्या हाती फ्लोरअ‍ॅपेटाइटचं मिश्रण येतं. शेवटच्या धुण्यापर्यंत डिस्टिल्डच पाणी.

खालची पांढरी बाजू म्हणजे पावडर तळाला बसली. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटची घनता 3.16, क्लोरोफॉर्मची 1.49. कण दहापट बारीक केला तर बसायला शंभरपट वेळ लागतो, म्हणून खलात मन लावून घोटा आणि चाळा. 0.6 ग्रॅम पावडर 14 मिली क्लोरोफॉर्ममध्ये अर्धा तास सोनिकेटरच्या (ध्वनिलहरींनी कण सुटे करणाऱ्या यंत्राच्या) पाण्यात ठेवा, मग 1.4 ग्रॅम पीसीएल विरघळवा (80,000 रेणुभाराचं चालेल). त्यानंतर 250 ते 425 मायक्रॉनमध्ये चाळलेलं मीठ 18 ग्रॅम. हा लगदा ओल्या रेतीसारखा होतो, त्यात कण बसायला जागाच राहत नाही. मीठ धुऊन गेल्यावर सुमारे 85 टक्के पोकळी मिळते. धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटने पांढरा साका येणं बंद होईपर्यंत पाणी बदलत राहा. पावसाळ्यात मिठाचे गोळे होतात, तेव्हा चाळण्याआधी ओव्हनमध्ये वाळवून घ्या.

क्लोरोफॉर्मऐवजी डायक्लोरोमिथेन सुचवणारे भेटतील. ते 40 अंशांना उकळतं, आणि नवतपात आपली खोलीच त्याच्या वर असते. त्यात खिडकीला कूलर असला की ओली हवा येते, झपाट्याने उडणाऱ्या द्रावकामुळे पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दव धरतं आणि चकतीला खड्डे पडतात. क्लोरोफॉर्मच घ्या, सकाळी लवकर ओता, फ्यूम हूडमध्ये, कूलर बंद करून.

मेमध्ये दुसरी अडचण इनक्युबेटरची. साधा इनक्युबेटर फक्त गरम करतो, खोली 43 वर असेल तर तो 37 वर येऊच शकत नाही. विघटनाचे आकडे त्या काळात बीओडी इनक्युबेटरमध्येच (तो गारही करतो) घ्या. वजन करण्याआधी चकती डिस्टिल्ड पाण्याने धुऊन व्हॅक्यूममध्ये वाळवा, कारण पीबीएसचे क्षार आत सुकले तर झिजण्याऐवजी वजन वाढलेलं दिसतं. ओव्हन 40 च्या वर नेऊ नका. पीसीएल 60 अंशांना वितळतं, त्यामुळे ऑटोक्लेव्ह तर नाहीच, आणि दुपारी बंद गाडीत नमुने ठेवून नागपूरला नेणंही नको. थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशवीसोबत न्या.

पेशींच्या चाचणीपुरतं 70 टक्के इथेनॉलमध्ये अर्धा तास बुडवून चालतं, पण ते पूर्ण निर्जंतुकीकरण नव्हे, अहवालात ‘निर्जंतुक केलं’ असं लिहू नका. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याच्या चाचणीत) मुख्य शिखर 31.8 अंशांजवळ दिसायला हवं. 37.4 जवळ काही दिसलं तर तो चुनाच, आणि ती पावडर चकतीत जाऊ देऊ नका.