वाचकांचे प्रश्न : परक्या मैदानावर, पाहुण्यांच्या स्टँडमध्ये

प्रश्न : आम्ही तिघे मित्र कोल्हापूरचे. शाहू स्टेडियमवर पेठापेठांतील संघांचे फुटबॉल सामने पाहतच आम्ही मोठे झालो. आमचा चौथा मित्र शिक्षणासाठी जर्मनीला गेला, तेथेच नोकरीला लागला आणि बोरुसिया डॉर्टमुंड या क्लबचा सभासद झाला. त्याच्यामुळे आम्हीही या संघाचे सामने रात्री दीड वाजेपर्यंत जागून पाहू लागलो. नोव्हेंबर २०२३ मध्ये डॉर्टमुंडने मिलान शहरात जाऊन एसी मिलानला ३-१ असे हरवले, तेव्हा तेथील सॅन सिरो स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर गाणारे पिवळ्या-काळ्या कपड्यांतील प्रेक्षक पाहून चौघांनी ठरवले, की चॅम्पियन्स लीग या युरोपातील क्लबांच्या स्पर्धेतील असा एक अवे, म्हणजे परक्या मैदानावरचा, सामना एकत्र पाहायचाच. तिकिटांची सोय मित्र करणार आहे. व्हिसा केव्हा काढावा? चौघांना एकत्र बसता येईल का? तिकीट कमी पडले, तर मैदानाबाहेर कोणाकडून घेतलेले चालते का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ‘तिकिटांची सोय मित्र करणार आहे’ असे तुम्ही सहज लिहिले आहे, पण सगळा बेत त्याच वाक्यावर उभा आहे, म्हणून आधी त्याविषयी सांगतो. युएफाच्या, म्हणजे युरोपातील फुटबॉल महासंघाच्या, स्पर्धांत यजमान क्लबला आपल्या स्टेडियममधील किमान ५ टक्के जागा पाहुण्या क्लबसाठी राखून ठेवाव्या लागतात. उदाहरणादाखल तुम्ही पाहिलेले सॅन सिरोच घेऊ. तेथे सुमारे ७५,००० प्रेक्षक बसतात, म्हणजे पाहुण्यांच्या वाट्याला साधारण पावणेचार हजार तिकिटे येतात. डॉर्टमुंडच्या स्वतःच्या स्टेडियममध्ये एकट्या दक्षिण स्टँडवरच जवळपास २५,००० लोक उभे राहून सामना पाहतात आणि क्लबच्या सभासदांची संख्या तर लाखांत आहे, हे लक्षात घेतले, की या पावणेचार हजारांसाठी किती रांग लागत असेल याची कल्पना येईल. त्यात युएफाने पाहुण्या प्रेक्षकांच्या तिकिटाच्या दरावर मर्यादा घातली आहे. चॅम्पियन्स लीगसाठी ती २०२४-२५ च्या मोसमात ६० युरो होती आणि २०२५-२६ साठी ५० युरो करण्यात आली. ही मर्यादा प्रेक्षकांच्या दृष्टीने अतिशय चांगली आहे, परंतु तिच्यामुळे मागणी आणखी वाढते. मोठे क्लब ही तिकिटे वाटताना मोसमी तिकीटधारक, वर्षानुवर्षे संघामागे प्रवास करणारे सभासद आणि नोंदणीकृत फॅन क्लब यांना आधी विचारतात. त्यामुळे एका साध्या सभासदाला चार तिकिटे मिळतील, असे गृहीत धरून विमानाचे आरक्षण करू नका. तुमच्या मित्राने तो राहतो त्या शहरातील एखाद्या नोंदणीकृत फॅन क्लबमध्ये आतापासूनच सामील व्हावे, त्यांच्याबरोबर जर्मनीतील दोन-चार साधे अवे सामने पाहावेत आणि तुमच्याविषयी तेथील लोकांना मोकळेपणाने सांगावे. भारतातून मित्र येत आहेत म्हटल्यावर अशी मंडळी आपुलकीने मदत करतात.

आता बाहेरून तिकीट घेण्याविषयी. ते घेऊ नका, हे माझे स्पष्ट मत आहे. पैसे बुडण्याचा धोका आहेच, पण त्याहून मोठे कारण वेगळे आहे. इटलीत फुटबॉलचे तिकीट नावानिशी दिले जाते आणि प्रवेशद्वारावर तिकिटावरील नाव ओळखपत्राशी ताडून पाहतात; तुमच्या बाबतीत हे ओळखपत्र म्हणजे मूळ पासपोर्ट. दुसऱ्याच्या नावाचे तिकीट हाती असेल, तर हजारो मैलांचा प्रवास करून तुम्ही फाटकाबाहेर राहाल. आणि पाहुण्यांच्या स्टँडमधील तिकीट क्लब सभासदाच्या भरवशावर देतो. ते तिकीट भलत्याच्या हाती पडले किंवा त्या जागेवरील माणसाने काही गैरवर्तन केले, तर क्लब ज्याच्या नावावर ते तिकीट दिले त्याला जाब विचारतो, आणि त्याचे पुढचे अवे सामने, प्रसंगी सभासदत्वही, जाऊ शकते. परदेशात एकट्याने राहून तुमच्या मित्राने जे जोडले आहे, ते तुमच्या एका रात्रीच्या हौसेसाठी पणाला लागू नये. तिकिटाची अर्जप्रक्रिया सुरू होताच चौघांची नावे पासपोर्टवर आहेत त्याच स्पेलिंगने त्याच्याकडे द्या आणि नाव बदलण्याची मुदत कोणती, हे त्याला क्लबकडून विचारून घ्यायला सांगा.

तिकिटे दोनच मिळाली, तर उरलेल्या दोघांनी यजमानांच्या भागातील तिकिटे घ्यावीत का, हा प्रश्न तुमच्या मनात येईलच. यजमान क्लबने त्या तिकिटांच्या विक्रीवर निर्बंध घातले नसतील, तर मुख्य स्टँडमधील महागड्या जागा अधिकृत संकेतस्थळावरून घेता येतात. मात्र तेथे पिवळा स्कार्फ किंवा जर्सी घालता येणार नाही आणि डॉर्टमुंडचा गोल झाला तरी उठून ओरडता येणार नाही. गोलामागच्या कडव्या समर्थकांच्या स्टँडमध्ये तर बसूच नये. ज्याला गोल झाल्यावर गप्प बसणे जमणार नाही, त्याने शहरातच सामना पाहावा. संघाबरोबर आलेले, पण तिकीट न मिळालेले कितीतरी प्रेक्षक शहरातील बारमध्ये एकत्र जमलेले असतात. कोणते दोघे आत जाणार, हे कोल्हापुरात असतानाच ठरवा. मिलानच्या चौकात उभे राहून हा निर्णय घ्यायची वेळ येऊ देऊ नका.

व्हिसासाठी सामन्याची निवडच विचारपूर्वक करावी लागते. २०२४-२५ पासून चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या टप्प्यात ३६ संघ असतात आणि प्रत्येक संघ आठ सामने खेळतो, त्यांतील चार परक्या मैदानावर. या टप्प्याचा ड्रॉ, म्हणजे कोणाची गाठ कोणाशी हे ठरवणारी सोडत, ऑगस्टच्या अखेरीस होतो, काही दिवसांतच तारखा जाहीर होतात आणि सामने जानेवारीपर्यंत चालतात. म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारीतील सामना निवडला, तर तुमच्या हाती दोन ते चार महिने असतात. बाद फेरीत मात्र प्रतिस्पर्धी ठरणे आणि सामना होणे यांत अनेकदा दोन-तीन आठवड्यांचेच अंतर असते. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांसाठी मिळून असलेल्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तो किमान १५ दिवस आधी द्यावा लागतो आणि निर्णयालाही साधारण १५ दिवस लागतात. काही प्रकरणांत त्याहून बराच अधिक काळ जातो. शिवाय अर्ज देण्यासाठी वेळ मिळण्यातच आठवडे जातात. भारतीय पासपोर्ट असलेल्याने बाद फेरीच्या सामन्यावर बेत आखणे म्हणजे नशिबावर हवाला ठेवणे होय. पहिल्या टप्प्यातील सामना कमी महत्त्वाचा असतो, असा गैरसमज करून घेऊ नका. तुम्ही ज्या मिलानच्या सामन्याचा उल्लेख केला, तो जुन्या पद्धतीतील गटसाखळीचाच होता, आणि त्या विजयाने बाद फेरीत पोहोचलेला डॉर्टमुंड पुढे १ जून २०२४ रोजी वेम्बलीवर अंतिम सामना खेळला.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, यात अनेकांची गल्लत होते. सामना ज्या देशात आहे तेथे अर्ज करावा, असा नियम नाही. ज्या देशात तुमचा मुक्काम अधिक दिवसांचा, त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. दिवस सारखे असतील, तर ज्या देशातून प्रथम प्रवेश करणार त्याच्याकडे. तुम्ही मित्राकडे डॉर्टमुंड शहरात सहा दिवस राहून मिलानला दोनच दिवस जाणार असाल, तर अर्ज जर्मनीकडे जाईल. प्रौढांसाठी व्हिसा शुल्क ९० युरो आहे, व्हिसा अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो आणि पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने शिल्लक असावी लागते. मुक्काम मित्राच्या घरी असेल, तर त्याचे निमंत्रणपत्र, त्याच्या घराचा पत्ता आणि निवास परवान्याची प्रत जोडा. प्रवासाचे कारण लिहिताना सामना पाहायला जात आहोत, हे लपवू नका. त्यात गैर काहीच नाही. व्हिसा हाती येईपर्यंत परत न मिळणारे विमान तिकीट काढू नका. तुमच्या मित्राला जर्मन निवास परवान्यावर इटलीला जायला वेगळा व्हिसा लागत नाही. तुमच्यासाठी मात्र १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेली, येण्या-जाण्याची नवी नोंदणी लागू आहे, ज्यात सीमेवर छायाचित्र घेतले जाते. त्यामुळे पहिल्या विमानतळावर दुसरे विमान पकडायचे असेल, तर दोन विमानांमध्ये ऐसपैस वेळ ठेवा.

तिघांपैकी एकाला व्हिसा नाकारला गेला, तर बाकीच्यांनी जावे, असे मला वाटते. परंतु ही गोष्ट अर्ज करण्यापूर्वीच एकमेकांशी बोलून ठेवा आणि त्याचे बुडालेले पैसे चौघांत वाटून घ्यायचे का, तेही तेव्हाच ठरवा. नंतर बोलायला जड जाते.

आता सामन्याचा दिवस. पाहुण्या प्रेक्षकांनी कोठे जमायचे आणि कोणत्या मार्गाने स्टेडियमकडे जायचे, याची सूचना क्लब आधी देतो. ती शब्दशः पाळा. सॅन सिरोमध्ये पाहुण्यांचा भाग सर्वांत वर, तिसऱ्या मजल्यावर असतो आणि तेथे पोहोचायला वळणावळणाची लांब चढण चढावी लागते, म्हणून निदान दीड-दोन तास आधी पोहोचावे. मोठी पाठपिशवी नेऊ नका. झडती कसून होते. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली आत नेऊ देतात तेव्हाही तिचे झाकण काढून घेतात, कारण झाकण लावलेली भरलेली बाटली फेकून मारता येते. फटाके, धुराच्या नळकांड्या यांना हात लावू नका. शेजारच्याने धरायला दिल्या तरी नाही. इटलीत अशा प्रकारांसाठी पोलीस स्टेडियमबंदी घालतात आणि परदेशी नागरिकाच्या बाबतीत त्याचा पुढच्या व्हिसावर परिणाम होऊ शकतो.

आत गेल्यावर पाहुण्यांच्या स्टँडमध्ये कोणी बसत नाही. पूर्ण ९० मिनिटे सगळे उभे असतात आणि पुढे उभा राहून एक जण भोंग्यावरून गाणी सांगत असतो. शब्द येत नसले, तरी टाळ्यांचा ठेका पाच मिनिटांत जमतो. हातात मोबाइल धरून सतत चित्रीकरण करणे मात्र तेथे अजिबात खपत नाही. आपण गात असताना कोणी आपले चेहरे टिपत राहावे, हे त्या मंडळींना आवडत नाही, आणि त्यांचे म्हणणे मला रास्त वाटते. एक-दोन छायाचित्रे काढा आणि मोबाइल खिशात ठेवा. दुसऱ्याचा बॅनर किंवा झेंडा उचलू नका, कारण समर्थक गटांमध्ये बॅनर हा प्रतिष्ठेचा विषय असतो. तुमच्याकडे तालमीच्या झेंड्याला जो मान आहे, तोच तेथे आहे.

सामना संपल्यावर पाहुण्या प्रेक्षकांना लगेच सोडत नाहीत. यजमानांची गर्दी पांगेपर्यंत अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त, स्टँडमध्येच थांबवून ठेवतात. रात्री नऊला सुरू झालेला सामना पावणेअकराच्या पुढे संपतो, त्यामुळे बाहेर पडायला साडेअकरा-पावणेबारा वाजणार हे धरून चाला. शेवटची मेट्रो चुकू शकते. मुक्कामाची जागा चालत जाता येईल अशी निवडा, नाहीतर टॅक्सीसाठी पैसे वेगळे ठेवा, आणि परतीचे विमान दुसऱ्या दिवशी पहाटेचे घेऊ नका. जेवण सामन्याआधीच उरका. चौघांपैकी कोणी शाकाहारी असेल, तर मध्यरात्रीनंतर त्याला पोटभर काही मिळेलच असे नाही.

प्रश्न : माझी मुलगी मँचेस्टरला शिकते. तेथील संघाबरोबर लिस्बनला अवे सामना पाहायला जाण्याचा तिचा आणि तिच्या मैत्रिणी-मित्रांचा विचार आहे. मला फुटबॉल कळत नाही, पण स्टेडियममधील हाणामाऱ्यांच्या बातम्या वाचून काळजी वाटते. तिला जाऊ द्यावे का?
— एक आई, मिरज

उत्तर : ताई, जाऊ द्यावे. तुमची काळजी मात्र अस्थानी नाही, म्हणून धोका नेमका कोठे असतो ते सांगतो. पाहुण्यांच्या स्टँडमध्ये तिच्या भोवती तिच्याच संघाचे प्रेक्षक असतील, त्यांत कुटुंबे आणि अनेक स्त्रियाही असतील. क्लबचे स्वतःचे कर्मचारी सोबत प्रवास करतात आणि प्रेक्षकांच्या अडचणी सोडवण्यासाठी प्रत्येक क्लबने एक संपर्क अधिकारी नेमलेला असतो. भांडणे होतात ती बहुधा आदल्या रात्री बारच्या आसपास किंवा गल्लीबोळांत होतात. तेथे क्लबची जर्सी घालून रात्री उशिरापर्यंत फिरू नये आणि कोणीही एकट्याने मुक्कामी परतू नये, एवढे पथ्य पाळले, तर बराचसा धोका टळतो.

दुसरा धोका गर्दीच्या ढिसाळ नियोजनाचा असतो. २८ मे २०२२ रोजी पॅरिसजवळ झालेल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याच्या वेळी लिव्हरपूलचे हजारो प्रेक्षक तिकिटे असूनही प्रवेशद्वाराजवळ अडकले आणि पोलिसांनी त्यांच्यावर अश्रुधूर सोडला. सुरुवातीला दोष प्रेक्षकांवर ढकलला गेला, परंतु स्वतंत्र चौकशी समितीने पुढच्या वर्षी मुख्य जबाबदारी युएफाची असल्याचे नमूद केले. म्हणून तिला सांगा, की लवकर पोहोचावे आणि गर्दी तुंबलेली दिसली, तर पुढे रेटण्याऐवजी कडेला होऊन मोकळ्या जागी थांबावे. सामन्याची पहिली दहा मिनिटे हुकली तरी चालतील.

कागदपत्रांची एक गोष्ट तिने आजच तपासावी. ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा युरोपात चालत नाही. पोर्तुगालसाठी तिला शेंगेन व्हिसा लागेल आणि त्याचा अर्ज ती ब्रिटनमधूनच करू शकते. ब्रिटनमधील जुनी निवास कार्डे २०२४ च्या अखेरीस बंद होऊन त्यांची जागा ई-व्हिसाने घेतली आहे. तो तिच्या सध्याच्या पासपोर्टशी जोडलेला नसेल, तर लिस्बनहून परतताना विमान कंपनी तिला अडवू शकते. पासपोर्टची छायाप्रत, मुक्कामाचा पत्ता आणि सोबतच्या दोघांचे दूरध्वनी क्रमांक तिने तुमच्याकडे पाठवून ठेवावेत. युरोपात कोठेही तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक लागतो. सामना संपल्यानंतर तासभर तिचा फोन लागला नाही, तरी घाबरून जाऊ नका. त्या वेळी पाहुणे प्रेक्षक स्टँडमध्येच थांबवलेले असतात आणि एवढ्या गर्दीत नेटवर्क मिळत नाही.